सुट्टी नेमकी कोणाची?

मे महिना जवळ आला की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा कुठे?" कोणी वेलंकनीची तिकिटं काढलेली असतात, कोणी गोव्याला निघालेलं असतं, कोणाकडे आखातातून मुलगा-सून येणार असतात. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाला आपली मुलं जागी दिसतात ती बहुधा रविवारीच. अशा माणसाने वर्षातून तीन-चार दिवस कुटुंबाला द्यावेत यात वावगं काहीच नाही. मीही त्यांच्यातलाच. परंतु एका सहलीत एक प्रश्न माझ्या मागे लागला तो अजून सुटलेला नाही. तो आज आपल्यापुढे मांडतो.

२०२४ साली प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला होता. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी. आम्ही पाचजण: मी, सौ., दोन मुलं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई. ड्रायव्हरसह गाडी भाड्याने घेतली आणि अलिबाग, चौल-रेवदंडा, मुरुड, कोर्लई असा बेत केला. आपण वसईकर किल्ल्याच्या सावलीत वाढतो आणि म्हणूनच बहुधा किल्ल्याकडे पाहत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि पुढच्याच वर्षी चौल आणि कोर्लईही पोर्तुगीजांच्या हातून गेले. आपल्या किल्ल्याची ही भावंडं मुलांनी पाहावीत असं मनात होतं.

पहाटे पाचला निघालो. सौ. तीनला उठली होती. चपात्या, सुकं चिकन, उकडलेली अंडी, मुलांसाठी सुकेळी, आईची औषधं, सगळं तिने भरलं. "बाहेर खाऊ की," असं मी आदल्या रात्री म्हणालो होतो. पण आईला बाहेरचं सोसत नाही हे मलाही ठाऊक होतं. म्हणजे माझं ते म्हणणं म्हणण्यापुरतंच होतं.

अलिबागला ओहोटी साधून कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलो. नंतर गावातली इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग पाहिलं. सहलीतली ही जागा मला सर्वात जवळची वाटली. कोकणच्या या किनाऱ्यावर बेने इस्रायली लोक शेकडो वर्षे राहिले. गलबत फुटून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. ते मराठी बोलत, गावोगाव तेलाचा घाणा चालवत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले.

ही माणसं श्रीमंत नव्हती. शेजारचा तेली सात दिवस घाणा फिरवणार आणि आपण सहाच दिवस, म्हणजे गिऱ्हाईक जाणार. तरी त्यांनी तो दिवस सोडला नाही. ही गोष्ट मी मुलांना सांगत होतो, तेव्हा मागच्या सीटवरून आईने विचारलं, "मग त्या दिवशी बैल काय करायचा?"

धाकटी हसली, "आजी, बैल आराम करायचा!"

आई म्हणाली, "आमच्याकडेही तसंच. रविवारी रहाट बंद. आमचा रेडा दिवसभर चिंचेखाली बसून असायचा. सुट्टी काय ती त्यालाच."

"आणि तुझ्या आईला?" मी विचारलं.

"तिला कसली सुट्टी? रविवारी तर पाहुणे."

सगळे हसले. मीही हसलो.

शनिवारी जंजिरा. राजपुरीहून शिडाच्या होडीने जावं लागतं. किल्ला समोर दिसत असतो, पण दरवाजा कुठे आहे ते होडी अगदी तटाजवळ जाईपर्यंत कळत नाही. एकोणीस बुरूज, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून पोहोचायचा प्रयत्न केला, तरी सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच मिळाला नाही. कलालबांगडी तोफेपाशी फोटो झाले. मुलं खूश, आईसुद्धा धक्क्यावरच्या एका दुकानात बाकावर बसून खूश. दोन तासांत येतो म्हणून गेलो होतो, परतायला साडेतीन तास लागले.

ड्रायव्हर गाडीतच होता. सीट मागे करून पडला होता. दुपारचे तीन वाजले होते. "जेवलात का?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही कधी याल ते कळेना. गाडी सोडून कसा जाणार?" आमच्या डब्यात चपात्या होत्या, त्या त्याला दिल्या. वाटेत सहज विचारलं, "तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?" तो हसून म्हणाला, "गाडी सर्व्हिसिंगला जाते त्या दिवशी."

बैलाला सुट्टी म्हणून माणसाला सुट्टी, अशी ही उलटी गोष्ट. तेव्हा मी एवढंच मनात नोंदवून ठेवलं. खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला.

शनिवारची रात्र कोर्लईत काढली. कुंडलिकेच्या मुखाशी डोंगराची एक सोंड समुद्रात गेली आहे, तिच्यावर किल्ला, आणि पायथ्याशी आपल्या ख्रिस्ती बांधवांचं गाव. राज्य गेलं तरी इथली माणसं राहिली, आणि पोर्तुगीजमधून तयार झालेली स्वतःची बोली आजवर घरात बोलतात. भाषेचे अभ्यासक तिच्यावर ग्रंथ लिहितात. माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा मिळणार म्हणून मी मुद्दाम मुक्काम इथे ठेवला होता. सहलीला गेलो की मिस्सा बुडते, तशी ती आमची बुडणार नव्हती. याचा मला थोडा अभिमानही होता, हे कबूल करतो.

ज्यांच्या घरी उतरलो ती बाई आपल्यापैकीच, कॅथलिक. रात्री मासे अप्रतिम केले होते. झोपण्यापूर्वी मी त्यांना सांगितलं, "मिस्साहून आलो की लगेच किल्ला चढायचा आहे. नाश्ता तयार ठेवाल ना?" त्या म्हणाल्या, "बरं."

सकाळी मिस्सा मराठीत झाली. बाहेर आल्यावर बायका आपल्या बोलीत गप्पा मारत उभ्या होत्या. आई कान देऊन ऐकत होती, एखादा शब्द ओळखीचा लागला की खूश होत होती. घरी आलो तर गरम घावन, खोबऱ्याची चटणी, चहा. खाता खाता मी विचारलं, "तुम्ही दिसला नाहीत चर्चमध्ये?"

"आज नाही झालं," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "पाहुणे होते ना."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. आईही नाही.

किल्ला चढलो. वरून समुद्र, दीपगृह, पलीकडे रेवदंड्याच्या तटातली नारळाची झाडं, सगळं सुंदर होतं. पण माझं लक्ष नव्हतं. माझी मिस्सा त्या बाईच्या मिस्सेच्या बदल्यात झाली होती. आज्ञा मी पाळली होती की दुसऱ्याला मोडायला लावली होती?

शब्बाथाची आज्ञा आपण लहानपणी पाठ करतो ती थोडक्यात. निर्गमच्या विसाव्या अध्यायात ती बरीच लांब आहे. कोणाकोणाला विसावा द्यायचा याची तिथे यादीच आहे: मुलगा-मुलगी, दास-दासी, गुरंढोरं, वेशीच्या आत राहणारा परका माणूससुद्धा. अनुवादच्या पाचव्या अध्यायात बैल आणि गाढव यांची नावं घेतली आहेत आणि कारणही दिलं आहे: तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता ते विसरू नका. म्हणजे ही आज्ञा 'तू आराम कर' एवढं सांगून थांबत नाही. ज्याच्या शब्दावर घर चालतं त्याला ती सांगते की तुझ्या शब्दाखाली जे आहेत त्यांना सोड. आपला ड्रायव्हर त्या यादीत सापडतो. कोर्लईची ती बाईही सापडते. नाही सापडत ती बायको. अभ्यासक म्हणतात की ती 'तू' मध्येच आली, ती घराची मालकीण आहे. तसंच असेल. पण माझ्या घरात पाहिलं तर सुट्टी कधी आणि कुठे हे ठरवणाऱ्यांत ती नव्हती, आणि विसावा घेणाऱ्यांतही नव्हती.

कॅथलिक श्रद्धाग्रंथ (१९९२) याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्याला प्रभूचा दिवस पाळता येणार नाही अशा अनावश्यक मागण्या ख्रिस्ती माणसाने करू नयेत, आणि ज्याला फुरसत आहे त्याने गरिबीमुळे विसावा न मिळणाऱ्यांची आठवण ठेवावी, असं तो सांगतो. आपला वसई धर्मप्रांत स्थापन झाला त्याच महिन्यात, ३१ मे १९९८ रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'दिएस दोमिनी' हे पत्र रविवारवर लिहिलं, त्यातही हा धागा आहे. आपल्या मुंबईत तर रविवारची सुट्टी झगडून मिळवावी लागली. गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक विचाराचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि गिरणीमालकांनी ती १० जून १८९० रोजी मान्य केली. आपण रविवारी ज्या निश्चिंतीने लोळतो तिच्यामागे हे सहा वर्षांचं भांडण आहे. आणि तरी आमच्या ड्रायव्हरपर्यंत तो रविवार अजून पोहोचलेला नाही.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की तुम्ही सहलीला गेला नाहीत तर त्या बाईंना मिस्सा मिळेल, पण पैसे कुठून मिळतील? ड्रायव्हरचे तीन दिवसांचे पैसे बुडतील त्याचं काय? हे मीही त्या बाईंजवळ बोललो. निघताना म्हटलं, "तुमची मिस्सा आमच्यामुळे बुडाली." त्यांनी मला उडवूनच लावलं. "रोज कुठे पाहुणे येतात? पावसाळ्यात तर कुत्रंही फिरकत नाही. आले की देवानेच पाठवले म्हणायचं."

त्यांचं म्हणणं मी नाकारत नाही. घरी बसून कोणाचंच भलं होणार नव्हतं. पण त्यांच्या 'बरं' या शब्दाचं मी काय करू? पावसाळ्याचे चार महिने रिकामे जाणाऱ्या माणसाला जानेवारीत पाहुण्याला 'नाही' म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराने माझी जबाबदारी संपत नाही, उलट वाढते. मला एकच वाक्य जास्त बोलायचं होतं: "तुम्ही मिस्साला कधी जाता?" नाश्ता तासभर उशिरा झाला असता. ऊन थोडं चढलं असतं. पैसे तेवढेच दिले असते. शनिवार तेली विसाव्यासाठी धंदा सोडत होते, आणि मला तर फक्त सकाळचा गारवा सोडायचा होता. ते मला सुचलंही नाही. माझा दोष असेल तर तो या न सुचण्यात आहे.

शुभवर्तमानातही हे सोपं नाही. प्रभू थकलेल्या शिष्यांना विसाव्यासाठी एकांतात नेतात तर लोक आधीच तिथे हजर, आणि शेवटी त्याच शिष्यांना पाच हजारांना वाढावं लागतं. मार्थेला प्रभूंनी समजावलं हे आपण दरवर्षी ऐकतो. त्या दिवशी जेवण मग कोणी केलं, ते मात्र लूकने लिहिलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी वडखळला गाड्या तासभर अडकल्या. ड्रायव्हरला फोन आला, त्याची मुलगी असावी. "झोप तू, मला उशीर होईल," एवढंच तो म्हणाला. साडेदहाला घरी पोहोचलो. तो गाडी मालकाकडे लावून मग घरी जाणार होता. मुलं थेट अंथरुणात गेली. सौ. स्वयंपाकघरात गेली, रिकामे डबे घासायला.

यंदा पुन्हा जायचं का, हा विषय परवा जेवताना निघाला. मी यावेळी आधी सौ.लाच विचारलं, "तुला सुट्टीत कुठे जायला आवडेल?" तिने थोडा विचार केला.

"तुम्ही सगळे जा," ती म्हणाली. "मला तीन दिवस घरी एकटीला राहू द्या."

मुलांना ही गंमत वाटली. आई मात्र मनापासून म्हणाली, "एकटी कशाला? मी राहते ना तुझ्यासोबत."

सौ. म्हणाली, "बरं."