तेल संपण्याआधी



दहा कुमारींचा दाखला (मत्तय २५) आपण अनेकदा ऐकला आहे. शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही, म्हणून त्या काहींना कठोर वाटतात. पण विश्वास आणि तयारी ऐन वेळी उसनी मिळत नाही. मग दुसऱ्याला शहाणे होण्यास आपण मदत कशी करावी? संध्याकाळीच, वेळ असताना विचारावे, "ताई, भांड्यात तेल घेतलेस ना?"

वेळ टळल्यावर बोलणे सोपे असते. आपल्या नागपुरात २०१३ साली श्रीसूर्या आणि २०१४ साली वासनकर प्रकरण उघड झाले. जादा परताव्याच्या आशेने ठेवलेले अनेकांचे पैसे अडकले. अशा वेळी "मला आधीच शंका होती," असे म्हणणारा खरेच शहाणा का? शंका असून जो गप्प राहिला, त्याचे शहाणपण कुणाच्या कामी आले?

संत थॉमस अक्वायनस यांनी बंधूला चूक दाखवणे हे प्रेमाचे कृत्य मानले आहे. प्रभू येशूने त्याची रीतही शिकवली: आधी एकांतात बोला (मत्तय १८). चारचौघांत सुनावले की माणूस चूक सोडत नाही, आपल्यालाच सोडतो.

सक्करदऱ्यातील आपल्याच गल्लीत कुणी दारूत, कुणी लग्नाच्या कर्जात बुडत असेल. या आठवड्यात त्या घरी जा. आधी प्रार्थना करा, मग त्यांचे ऐका, शेवटी बोला. त्यांनी ऐकले नाही तरी येणेजाणे तोडू नका. आणि निघताना आपल्याही भांड्यात तेल आहे का, ते पाहा.