कलाकृतीचा धनी कोण?

ज्यानें द्रव्य मोजलें त्याची वस्तु, हा व्यवहारांतील न्याय कोणासही मान्य आहे. परंतु जी वस्तु कोणी वाजविल्याखेरीज प्रकटच होत नाहीं, तिच्या बाबतींत हा न्याय कोठवर चालावा? पियानोवादक पाउल विट्गेनश्टाइन याच्या चरित्रानें हा प्रश्न मोठ्या तीव्रतेनें पुढें मांडला आहे.

तत्त्वज्ञ लुडविग याचा हा वडील बंधु. १८८७ सालीं व्हिएन्ना येथें एका धनाढ्य पोलाद-कारखानदाराच्या घरीं त्याचा जन्म झाला. १९१३ मध्यें त्यानें पहिली जाहीर मैफल केली, आणि पुढच्याच वर्षीं महायुद्धांत रशियन आघाडीवर जखमी होऊन तो उजव्या हातास मुकला व शत्रूचा बंदी झाला. सैबेरियांत ओम्स्क येथील बंदिवासांत एका लांकडी खोक्यावर कोळशानें पट्ट्या रेखून तो डाव्या हाताचा सराव करीत असे. १९१५ सालीं सुटका झाली. एका हातासाठीं लिहिलेलें संगीत फार थोडें; म्हणून वारशानें आलेल्या संपत्तींतून त्यानें हिंडेमिट, रिशार्ड स्ट्राउस, राव्हेल, प्रोकोफिएव्ह, ब्रिटन अशा नामांकित संगीतकारांकडून नव्या रचना करवून घेतल्या.

येथवर आदराखेरीज दुसरा भाव मनांत येत नाहीं. पुढें मात्र अडचण उभी राहते. राव्हेलची रचना त्यानें १९३२ सालीं व्हिएन्नांत वाजविली. पण तींत स्वतःच्या मर्जीप्रमाणें फेरफार केले, आणि त्यावरून दोघांत वितुष्ट आलें. प्रोकोफिएव्हची १९३१ सालची रचना आपल्याला कळत नाहीं असें कळवून त्यानें ती कधींच वाजविली नाहीं. हिंडेमिटनें १९२३ सालीं लिहिलेली रचनाही त्यानें वाजविली नाहीं व कोणास वाजवूंही दिली नाहीं. पुढें झीगफ्रीड राप नांवाच्या वादकानें या संग्रहांतील रचनांची परवानगी मागितली. या रापचाही उजवा हात दुसऱ्या महायुद्धांत गेला होता. विट्गेनश्टाइननें नकार दिला. दुसऱ्यानें राहावें म्हणून कोणी घर बांधीत नाहीं, असा त्याच्या उत्तराचा आशय होता.

या उत्तरांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? त्याचें द्रव्य व त्याचा आग्रह नसता, तर या रचना जन्मासच आल्या नसत्या. दोन हातांच्या वादकांच्या मेळाव्यांत त्याचें वेगळेपण याच रचनांत होतें. शिवाय, ज्यानें दुःख भोगलें त्यानें इतरांहून अधिक उदार असावें, ही अपेक्षा आपण किती सहज करतों! दुःखानें मन विशाल होतें तसेंच तें मूठही घट्ट करतें. निधड्या छातीनें स्वतःचें आयुष्य पुन्हां उभारणाऱ्या माणसावर हा आणखी एक कर आपण कोणत्या अधिकारानें बसवावा?

तथापि घराचा दृष्टांत पूर्णपणें जुळत नाहीं. घरांत दुसरा राहावयास आला तर धन्याची जागा तितकी कमी होते. रापनें ती रचना वाजविली असती तर तिचा एकही सूर कमी झाला नसता. धन्याचें कमी झालें असतें तें एकटेपणाचें भूषण. जोंवर तो स्वतः वाजवीत होता, तोंवर त्या भूषणाचा हक्क समजूं शकतो. राव्हेलच्या रचनेशीं तो भांडला, पण त्या घरांत तो राहिला. हिंडेमिटच्या घराला मात्र त्यानें नुसतें कुलूप लाविलें. मालकीचा हक्क उपभोगापुरता आहे. केवळ दुसऱ्यास वंचित ठेवण्यासाठीं वापरला कीं तो हक्क न राहतां हट्ट होतो. द्रव्यानें संगीतकाराचे श्रम विकत घेतां येतात, श्रोत्यांचे कान विकत घेतां येत नाहींत.

१९६१ सालीं विट्गेनश्टाइन न्यूयॉर्क येथें वारला. प्रोकोफिएव्हची रचना त्यापूर्वींच, १९५६ सालीं, बर्लिन येथें राप यानेंच प्रथम वाजविली. हिंडेमिटचें हस्तलिखित विट्गेनश्टाइनच्या पत्नीच्या निधनानंतर उजेडांत आलें आणि २००४ सालीं लिऑन फ्लायशर यानें बर्लिन येथें तें प्रथम ऐकविलें. फ्लायशरचाही उजवा हात आजारानें अनेक वर्षें निकामी झाला होता, आणि त्या काळांत विट्गेनश्टाइननें करवून घेतलेल्या रचनांनींच त्याला आधार दिला होता. बांधणाऱ्याच्या मनांत असो वा नसो, तें घर अखेर दुसऱ्याच्या आसऱ्यास आलें. आणि त्या कृपण धन्याविषयीं आज कृतज्ञता वाटते ती याचमुळें.