निजेला धोंडा

भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. ही म्हण कुणी केली असेल? कोंडा खाणाऱ्यानं, की पीठ ज्याच्या घरात होतं त्यानं? मला ती दुसऱ्याची वाटते. गादीवर कूस बदलणारा मालक बघतो, गडी गोठ्यात पोत्यावर घोरतोय. म्हणतो, नशीबवान लेकाचा, ह्याला गोळी लागत नाही की उशी.

मित्रांनो, पडल्या पडल्या डोळा लागणं ही थकबाकीची खूण असते. शरीर झोपेचं देणं विसरत नाही. 1953 साली शिकागोच्या असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्या माणसांच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरताना टिपली. तेव्हाच उठवलं तर माणसं स्वप्नं सांगत. पुढं कळलं ते असं : झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. गाढ झोप पहिल्या फेऱ्यांत जास्त. स्वप्नांचा वाटा पहाटेकडं वाढत जातो.

आता कडेगावच्या माळावर या. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचललं, ते इकडं आलं, ऊस उभा राहिला. ऊस तोडायला बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई तीनला उठते. चूल, पाणी, भाकरी, पोरं, मग फड. रात्री अवेळी गाडी लागली की मोळ्या डोक्यावर घेऊन ती भरायची. तीनला उठणाऱ्या बाईचं काय कापलं जातं? नेमकी स्वप्नांची फेरी. मुकादमानं उचल दिली ती ऊस तोडायला. त्यात तिची पहाट कधी विकली गेली?

कुणी म्हणेल, शेतकरी तरी कुठं झोपतो? शेतीची लाईट रात्रपाळीला आली की तोही दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, सापाकिरड्यात. खरंय. त्याचीही झोप लुटली जाते, ती नाकारायचं कारण नाही. पण त्या रात्रीचा ऊस त्याच्या नावावर जातो. आणि ज्याला गडी ठेवायची ऐपत आहे, तो गड्याला धाडतो. झोपमोड अशी खाली खाली सरकत जाते.

आपल्याला हे नवं नाही. महारकीच्या कामाला दिवसरात्र नव्हती. हाक आली की उठायचं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं, वतनं कायद्यानं गेली 1958 साली. कारखान्यातल्या कामगाराच्या कामाचे तास कायद्यानं मोजले जातात. फडात घड्याळ कुणाचं?

तुटक्या झोपेचं आणखी एक भोग आहे. रात्री जाग येते, डोळे उघडे, अंग हलत नाही, छातीवर कुणी बसलंय. स्वप्न पडताना मेंदू हातपाय लुळे ठेवतो, नाहीतर माणूस झोपेतच पळत सुटेल. कधी जाग आधी येते आणि लुळेपणा क्षणभर मागं राहतो. एवढंच ते. झोपेचा मेळ बिघडला की असं जास्त होतं. पण कोपीत ते मुंजा ठरतं, मग देवऋषी, मग एखाद्या रांडमुंड म्हातारीवर आळ. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा आहे. टेंभू तर आगरकरांचं जन्मगाव. पाणी तिथून कडेगावला पोचलं, बाकीचं वाटेत कुठं मुरलं?

रात्रपाळीनं कॅन्सरचा धोका बहुधा वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2007 साली सांगितलं आणि 2019 ला पुन्हा तेच सांगितलं. मग दुसऱ्याला झोपेतून उठवायचा हक्क कुठून येतो? मी पैसे दिलेत, एवढ्यानं भागतं का? झोपलेला माणूस बोलू शकत नाही, करार करू शकत नाही. तो पूर्ण दुसऱ्याच्या भरवशावर असतो.

मुकादमाच्या वहीत टनं असतात, उचल असते. कमी पडलेल्या झोपेचा रकाना नसतो. बाई तापानं फणफणून एक दिवस झोपून राहिली, की त्याच वहीत खाडा लागतो, आणि तो उचलीवर चढतो.