पंक्तिप्रपंच

एकत्र भोजनानें मनुष्यामनुष्यांतील अंतर नाहींसें होतें, ही श्रद्धा आपल्याकडील सुधारकांनीं दीर्घकाळ जोपासली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईच्या परमहंस सभेंत प्रवेश करणारास परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे, तो याच श्रद्धेपोटीं. पुढें १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांपुढें चहा ठेवला गेला आणि त्या पेल्यांवरून ग्रामण्य उभें राहिलें, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, प्रायश्चित्ताचा वाद माजला. सनातनी आणि सुधारक यांचें इतर कशांतही एकमत नसलें तरी एका गोष्टींत होतें: कोणाच्या हातचें आपण खातों ही बाब क्षुल्लक नव्हे. एकास ती भयावह वाटे, दुसऱ्यास तारक वाटे. क्षुल्लक मात्र ती कोणासच वाटत नसे.

आजच्या मोठ्या शहरांनीं ती क्षुल्लक करून टाकली आहे. लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवर कोणत्याही सायंकाळीं पाहावें. इंग्रज, नायजेरियन, पोलिश, गुजराथी अशीं सर्व प्रकारचीं माणसें चिनी भोजनगृहांतून शेजारीं शेजारीं बसून जेवीत असतात. ना कोणास प्रायश्चित्त, ना कोणास बहिष्कार. आपल्या सुधारकांनीं हें दृश्य पाहिलें असतें तर त्यांचे डोळे पाणावले असते. परंतु दृश्यानें भारावून जाण्यापूर्वीं एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. अन्न आवडूं लागलें म्हणजे तें शिजविणारा मनुष्य आपणांस जवळचा झाला काय? आणि झाला नसेल तर तो दोष कोणाचा मानावयाचा, कीं त्यास दोषच म्हणूं नये?

लंडन आणि चिनी मनुष्य यांची ओळख जेवणाच्या टेबलावर झालेली नाहीं. ती गोदींत झाली. १८८० नंतरच्या काळांत पूर्व लंडनच्या लाइमहाउस भागांत चिनी खलाशी वस्तीस राहूं लागले. याच भागांत १८५७ पासून आशियाई व आफ्रिकी खलाशांसाठीं एक वसतिगृह होतें आणि तेथें चिनी खलाशांप्रमाणेंच हिंदुस्थानांतील लस्करही उतरत. चिनी वस्ती उणीपुरी कांहीं शेंकड्यांची होती. धोबीखाने, लहानसहान दुकानें आणि खलाशांच्या खाणावळी हाच तिचा संसार. पण १९१३ सालीं सॅक्स रोमर या लेखकानें फू मांचू नांवाचा कपटी चिनी खलनायक निर्माण केला, आणि त्या मूठभर धोब्यांच्या व खलाशांच्या वस्तीकडे लंडनकर अफूचा अड्डा आणि कारस्थानांचें माहेरघर म्हणून पाहूं लागले. १९२४ ते १९२९ या काळांत लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेंत चिनी भाषा शिकविणारे लाओ शे यांनीं हें सर्व जवळून पाहिलें. लंडनमध्यें पुराणवस्तूंचें दुकान चालविणाऱ्या एका पितापुत्रांवर त्यांनीं जी कादंबरी लिहिली, तींत इंग्रजांच्या मनांतील चिनी मनुष्य आणि प्रत्यक्षांतील चिनी मनुष्य यांमधील अंतर हेंच मुख्य दुःख आहे.

मौज अशी कीं, त्या अन्नाविषयीं कुतूहल याहून जुनें आहे. १८८४ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, त्यांत एक चिनी भोजनगृह होतें आणि पक्ष्याच्या घरट्याचें सार चाखावयास प्रतिष्ठित मंडळी तेथें जात. म्हणजे अन्नाविषयींचें कुतूहल आणि माणसाविषयींचा संशय हीं दोन्ही एकाच शहरांत सुखानें नांदलीं. एकानें दुसऱ्यास हुसकावून लावलें नाहीं.

१९४० व १९४१ सालच्या बाँबवर्षावांत लाइमहाउसची पुष्कळ पडझड झाली, आणि युद्धानंतरच्या वीस वर्षांत चिनी वस्तीचें केंद्र सोहोमधील जेरार्ड स्ट्रीटकडे सरकलें. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास ही गल्ली परकी नाहीं. ड्रायडन कवीनें आपले अखेरचे दिवस येथेंच घालविले, आणि १७६४ सालीं जॉन्सन व रेनल्ड्स यांनीं आपली सुप्रसिद्ध मंडळी स्थापिली ती याच गल्लींतील एका पानगृहांत. युद्धोत्तर काळांत मात्र गल्लीस अवकळा आलेली होती, भाडीं कमी होतीं, आणि तीं परवडणारे लोक आले ते हाँगकाँगच्या उत्तरेकडील खेड्यांतून. हे लोक मूळचे आचारी नव्हते, शेतकरी होते. स्वस्त आयात तांदळापुढें त्यांची भातशेती टिकेना. मानवशास्त्रज्ञ जेम्स वॉटसन यांनीं त्या प्रदेशांतील सान टिन या गांवाचा अभ्यास केला, तेव्हां गांवांतील बहुतेक धडधाकट पुरुष युरोपांतील भोजनगृहांत राबत असल्याचें त्यांस आढळलें. १९४८ च्या कायद्यानें प्रजाजनांस ब्रिटनचें दार उघडें होतें. १९६२ च्या कायद्यानें तें अर्धवट लावून घेतलें आणि कामाचा परवाना आवश्यक केला. ओळखीच्या भोजनगृहांतील नोकरी हाच परवान्याचा सुगम मार्ग असल्यामुळें पुष्कळांचें नशीब स्वयंपाकघराशीं बांधलें गेलें. चिनी मनुष्य म्हणजे स्वयंपाकी, असें लंडनकरास वाटूं लागलें तें चिनी मनुष्याच्या उपजत आवडीमुळें नव्हे. भातशेती बुडाली आणि कायद्यानें एकच वाट मोकळी ठेवली, म्हणून.

आतां आमच्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याशीं येऊं. या भोजनगृहांतून बराच काळ दोन याद्या असत; कोठें कोठें अद्यापि असतात. इंग्रजी यादी परक्या गिऱ्हाइकासाठीं. चिनी लिपींतील यादी, किंवा भिंतीवर चिकटविलेले कागद, आपल्या माणसांसाठीं. दोन्ही याद्यांतले पदार्थ सारखे नसत. आपल्याकडे एकाच पंक्तींत एकास साजूक तूप आणि दुसऱ्यास तेल वाढणें यास पंक्तिप्रपंच म्हणतात आणि तो यजमानाच्या हातून घडणारा मोठा अपराध समजला जातो. मग हा चिनी यजमान पंक्तिप्रपंचाचा दोषी आहे काय?

कांहीं वर्षांपूर्वीं अध्ययनाच्या निमित्तानें आम्ही लंडनमध्यें राहिलों असतां अशा एका भोजनगृहांत शेजारच्या टेबलावर काळ्या, आंबविलेल्या सोयाबीनबरोबर परतलेलीं कारल्याचीं कापें आम्हीं पाहिलीं. आमच्या यादींत कारलें नव्हतें. आम्हीं तें मागतांच वृद्ध वेटर अत्यंत सौजन्यानें म्हणाला, "तें तुम्हांस आवडणार नाहीं, फार कडू असतें." आमच्या घरीं कारल्याची भाजी नेहमीं होते, असें आम्हीं सांगितल्यावर तो प्रथम चकित झाला, मग मनापासून हंसला, आणि बशी आली. पुढें बिल देतांना तो एवढेंच म्हणाला कीं, चाळीस वर्षें परत आलेल्या भरल्या बशा उचलल्यावर कोणास काय द्यावें हें मनुष्य चेहऱ्यावरूनच ठरवूं लागतो.

या एका वाक्यानें दोषाचें पारडें फिरतें. दोन याद्या लिहिणारा यजमान असत्य बोलत नाहीं. गिऱ्हाइकानें आजवर काय खाल्लें आणि काय टाकलें याचा तो केवळ हिशेब मांडतो. पंक्तिप्रपंच वाढणाऱ्यानें सुरू केला नव्हता. जेवणाऱ्यानें आपल्या नापसंतीनें तो त्याच्याकडून करवून घेतला. तरीही चेहऱ्यावरून माणूस ठरविणें हें, तो वेटर कितीही सुस्वभावी असला तरी, चूकच. आणि तीच चूक बाहेरचें शहर त्याच्याविषयीं रोज करीत आलें आहे.

यावर आजचा सुशिक्षित भोजनभक्त म्हणेल, "आम्ही तसे नाहीं. आम्ही कोंबडीचे पाय मागवितों, काड्यांनीं जेवतों, अस्सल काय आणि बनावट काय तें जाणतों." या ज्ञानाचें आम्हांस कौतुक आहे, परंतु ज्ञान पदार्थाचें आहे, मनुष्याचें नव्हे. याची एक कसोटी सांगतों. वडिलांनीं कढईपुढें उभें राहून ज्या मुलांस शिकविलें, तीं मुलें डॉक्टर झालीं, वकील झालीं, हिशेबनीस झालीं. दुकानाच्या गल्ल्यामागें बसून त्यांनीं शाळेचे धडे केले ते पुन्हां त्या गल्ल्यामागें बसावें लागूं नये म्हणूनच. मग एके दिवशीं भोजनगृह बंद होतें. भोजनभक्त हळहळतो, एक परंपरा लोपली म्हणतो. ज्यानें तीस वर्षें पाठ मोडून घेतली त्या बापास मात्र त्या दिवशीं आपल्या कष्टांचें चीज झालें असें वाटतें. एकाचें दुःख दुसऱ्याच्या समाधानांतून निघत असेल, तर त्या दोघांत सहभोजनानें काय जोडलें?

याहून कठोर कसोटी अफवेची. १९६८ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. चिनी भोजनगृहांत जेवल्यावर मानेशीं बधिरता येते व छाती धडधडते, असें त्यांत होतें. पत्र लिहिणारा डॉक्टर स्वतः चिनी होता, आणि त्यानें कारणें केवळ तर्कानें सुचविलीं होतीं. पण त्या तक्रारीस चिनी भोजनगृहाचें नांव चिकटलें आणि अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर तें रूढ झालें. संशय आजीनोमोटोवर आला. खाणाऱ्यास न कळूं देतां घेतलेल्या चाचण्यांत त्या तक्रारींस सुसंगत आधार मिळाला नाहीं. आणि तेंच द्रव्य टोमॅटोंत व इटालियन चीजमध्यें निसर्गतः असतें. तरी इटालियन भोजनगृहाच्या नांवानें रोग कोणीं काढला नाहीं. २००१ सालीं ब्रिटनमध्यें गुरांना लाळ्या-खुरकताची सांथ आली, तेव्हां तिचें मूळ एका चिनी भोजनगृहाच्या उष्ट्या-खरकट्यांत आहे अशी वदंता वर्तमानपत्रांनीं छापली. धंदा बसला, चिनी लोकांनीं मोर्चा काढला, अखेर शेतकी खात्याच्या मंत्र्यास, या वदंतेस आधार नाहीं, असें जाहीर करावें लागलें. आणि २०२० च्या आरंभीं, शहर बंद होण्यापूर्वींच, जेरार्ड स्ट्रीट ओस पडूं लागली होती. वर्षानुवर्षें ज्यांच्या हातचें खाल्लें, त्यांच्याविषयींचा विश्वास एका आठवड्यांत आटला. तो विश्वास होता, कीं केवळ संवय होती?

येथें एक रास्त आक्षेप घेतला जाईल. भोजनगृह म्हणजे सदावर्त नव्हे. गिऱ्हाइकानें दाम मोजले, मालकानें अन्न दिलें, व्यवहार संपला. त्यावर स्नेहाचें ओझें कशाला? मालकासही तें नकोच असतें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, किंबहुना त्यांत मोठें शहाणपण आहे. परक्यानें आपल्यावर प्रेम करावें अशी सक्ती करतां येत नाहीं, आणि दर थाळीमागें बंधुभाव मागणारा यजमान कोणासही नकोसा होईल. पण प्रेम आणि न्याय यांत भेद आहे. दाम मोजल्यानें प्रेमाचें ऋण लागत नसेल. न्यायाचें ऋण मात्र दाम मोजण्यापूर्वींच लागलेलें असतें आणि दामानें तें फिटत नाहीं. तें ऋण एवढेंच कीं, जी गोष्ट आपल्या शेजाऱ्याविषयीं पुराव्यावांचून आपण मानणार नाहीं, ती ज्याच्या हातचें खातों त्याच्याविषयींही मानूं नये. यासाठीं चिनी लिपी शिकावयास नको, कोंबडीचे पायही खावयास नकोत.

ही कसोटी लंडनकरास लावून आपण मोकळे होऊं, असेंही कोणीं समजूं नये. १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सरकारनें चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार लोकांस राजस्थानांतील देवळीच्या छावणींत डांबलें. त्यांत येथेंच जन्मलेले पुष्कळ होते, आणि त्यांचा अपराध चेहऱ्यापलीकडे कांहीं नव्हता. त्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या नांवाचें अन्न मात्र देशभर पसरलें. आज महाराष्ट्रांत तालुक्याच्या गांवींही 'चायनीज'ची गाडी उभी असते; तिच्यावरील कढई हालविणारा बहुधा चिनी नसतो, आणि देवळी हें नांव तेथें रांगेंत उभ्या असलेल्यांपैकीं फार थोड्यांनीं ऐकलेलें असतें.

सुधारकांची श्रद्धा खोटी होती असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्या काळीं परक्याच्या हातचा घोट घेणाऱ्यास किंमत द्यावी लागे: जातीचा रोष, घरचीं भांडणें, प्रायश्चित्ताची मानहानि. त्या घोटांत जें बळ होतें तें चहाचें नव्हतें, त्या किमतीचें होतें. आज तो घोट निर्धास्त झाला हें इष्टच आहे. पण ती किंमत आतां दुसऱ्या ठिकाणीं द्यावी लागणार, हें ओळखलें पाहिजे. अफवा उठते त्या आठवड्यांत नेहमींच्या भोजनगृहीं जाऊन बसणें, आणि शेजाऱ्यानें विचारल्यास कां बसलों तें मोठ्यानें सांगणें, एवढें जो करील त्यानें त्या पंक्तींतला प्रपंच आपल्यापुरता तरी मोडला, असें आम्ही समजूं.