साक्ष आणि निवाडा

एखादी गोष्ट प्रमाण ठरवायची ती कोणाच्या शब्दावर? थोरामोठ्यांनी मान डोलावली, एवढे पुरे आहे काय? प्रश्न जुनाच, हल्ली तो संगणकाच्या निमित्ताने निघतो. फराळाच्या ताटाशेजारी ज्या घरात चार मोबाइल पडलेले असतात, त्या घराने तरी तो परका मानू नये.

पडद्यावर चित्र काढायचे तर यंत्राला आज्ञा कोणत्या बोलीत द्यायच्या? १९८५ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ‘जीकेएस’ ही बोली रीतसर प्रमाण ठरवली. शिक्का उमटला, पण बाजार पुढे निघून गेला. १९९२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने ‘ओपनजीएल’ आणली, बड्या कंपन्यांचे मंडळ तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि ती चालली. कोणी म्हणेल, पाहा, धंदेवाल्यांचा होकार हेच खरे प्रमाण! पण जरा थांबा. त्या मंडळाच्या संस्थापकांत मायक्रोसॉफ्टही होती. तिने १९९६ मध्ये स्वतःची ‘डायरेक्टथ्रीडी’ बाजारात आणली आणि २००३ मध्ये मंडळ सोडले. इतवारीतला व्यापारी आपल्याच वजनाची ग्वाही देतो तेव्हा तो खोटे बोलतो असे नव्हे. पण त्याचा फायदा हलला की ग्वाहीही हलते.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या अक्षरांकडे या. पडद्यावरचे अक्षर हेही एक चित्रच. त्याच्यामागे यंत्राला कळणारा क्रमांक असतो. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ नावाने असे क्रमांक प्रमाण ठरवले. फॉन्ट विकणाऱ्यांनी मात्र आपापलेच क्रमांक चालू ठेवले. नागपुरात टाइप केलेली कथा पुण्याच्या संपादकाने उघडावी, तर ‘आई’च्या जागी कंस आणि टिंबे! त्याच साली कंपन्यांच्या पुढाकाराने युनिकोड आले. त्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. आज भाऊबीजेचा निरोप बहिणीला जसाच्या तसा पोचतो, तो या कंपन्यांच्या होकारामुळे. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मग माझी कुरकुर कशाला? एका अक्षरासाठी. ‘ॲम्ब्युलन्स’ लिहिताना मराठी माणूस ‘अ’वर चंद्र देतो. युनिकोडात ‘ए’वरचा चंद्र पहिल्यापासून होता, आमच्या ‘अ’वरच्या चंद्राला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये. सतरा वर्षे! आणि आमचे शासन? वर्णमालेत ‘ॲ’ला जागा देणारा त्याचा निर्णय निघाला ६ नोव्हेंबर २००९ ला, म्हणजे कंपन्यांच्याही मागून. या दोघांच्या कितीतरी आधीपासून ते अक्षर पोरांच्या वह्यांत आणि दुकानांच्या पाट्यांवर सुखाने नांदत होते.

म्हणून कंपन्यांचा होकार मी साक्ष मानतो, निवाडा मानत नाही. ‘आम्ही हे वापरू’ एवढेच ती साक्ष सांगते, आणि तेवढ्याचे मोल मोठे आहे, कारण नुसत्या सरकारी शिक्क्याचे काय होते ते इस्कीने दाखवले. पण ‘हे बरोबर आहे’ हे सांगण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा. युनिकोडच्या संघात मत वर्गणीदार सभासदांना. तरी नव्या अक्षराची मागणी, पुराव्यासह, कोणालाही पाठवता येते. शाळेतल्या वह्या हा पुरावाच. १९२३ साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आमच्या नागपुरात आहे. तिथल्या टेबलावर असा कागद लिहायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.