सोसावे कोणी?

मंडळीतील अवघड स्वभावाच्या माणसांशी कृपेने वागावे, हे आम्ही पाळक लोक व्यासपीठावरून वारंवार सांगत असतो. परंतु त्या कृपेचा खर्च कोणाच्या पदरातून होतो, हा प्रश्न आमच्या मनात सहसा येत नाही. दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात एका वृद्ध भगिनीने तो आमच्यापुढे ठेविला.

त्या मंडळीत एक वयोवृद्ध बंधू आहेत. हंगामाच्या अर्पणाचा हिशेब त्यांस कधी पटत नाही, गीताची चाल रुचत नाही, आणि उपदेश लांबला की ते मोठ्याने खाकरतात. (हिशेबाविषयी एकदा त्यांचेच म्हणणे खरे ठरले, हे कबूल केले पाहिजे.) इतके सर्व सोसण्याजोगे होते. परंतु प्रभुभोजनाच्या वेळी एका घराण्याच्या पाठोपाठ प्याला घेण्यास ते राजी नसत. कारण जुनेच होते, व ते कोणी उच्चारीत नसे. आम्ही काय केले? त्या घराण्यास म्हणालो, “ते म्हातारे आहेत, तुम्ही मागे बसा, सोसून घ्या.” दोन वर्षे ती माणसे मागे बसली. यास आम्ही सहनशीलता म्हणत होतो. खरे पाहता ते भय होते, कारण मंदिराच्या छपराची टिनपत्रे त्या बंधूंनीच दिली होती.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्या घरची आजी शेतातून थेट आमच्याकडे आली व म्हणाली, “पाळकसाहेब, सोसाचं ते आमीनंच सोसाचं काय हमेशा?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. करिंथच्या मंडळीत काही जण आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने उपाशी माणसांस धीर धरावयास सांगितले नाही; जेवणाऱ्यांस थांबावयास सांगितले. हा अध्याय प्रभुभोजनाच्या प्रसंगी आम्ही किती वेळा वाचला असेल! पण तो आपल्याच मंडळीस उद्देशून आहे, असे कधी वाटले नाही.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाई टिळकांस धीरानेच जिंकले ना? होय. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, आणि पतीकडे तेव्हाच्या अहमदनगरास आल्यावरही सोवळे सांभाळून निराळे शिजवीत. अखेर १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या सोवळ्याने कित्येक ख्रिस्ती शेजाऱ्यांचे मन दुखले असेल, व त्यांनी ते सोसलेही असेल. परंतु आपली चूल वेगळी मांडणे निराळे, आणि दुसऱ्यास पंगतीतून उठविणे निराळे. लक्ष्मीबाईंस वेळ देणे योग्य होते. आमच्या बंधूंस आम्ही दुसऱ्याची जागा देत होतो.

मग आम्ही त्यांच्या घरी गेलो. प्रथम आमचा स्वतःचा अपराध सांगितला, आणि त्यानंतर हे की, ते घराणे येत्या रविवारी पुढे बसेल. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग जे बोलले ते आम्हांस ठाऊक नव्हते. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्यांस गोड्या पाण्यापासून तोडले. खारपाणपट्ट्यात याचा अर्थ काय, हे अकोट-दर्यापूरकडील वाचकांस सांगावयास नको. कित्येक उन्हाळे त्यांनी व त्यांच्या पत्नीने मचूळ पाण्यावर काढिले. ज्याचे पाणी तोडले गेले, तोच दुसऱ्याचा प्याला नाकारीत होता! हे त्यांस दाखवून द्यावे असे जिभेवर आले, पण आम्ही गप्प राहिलो. त्यांचे डोळे पाहता ते त्यांस उमगले होते असे वाटले, कदाचित नसेलही.

त्यांची कीव आली म्हणून बसण्याचा क्रम आम्ही बदलला नाही. तसेच त्यांचे नाव पटावरून काढावे, असे पंचांपैकी दोघे म्हणाले तेही मानिले नाही. आज ते घराणे पुढे बसते. बंधू दाराजवळ बसतात, व प्याला त्यांच्याकडे सर्वांच्या शेवटी जातो. कधी घेतात, कधी मान हालवितात. आणि पुढच्या रांगेतील ती आजी, प्याला दारापर्यंत पोहोचला की, दर वेळी मागे वळून पाहते.