पसाभर गहू

मोठ्या अन्यायाचा निषेध करणे सोपे असते. कारण तो बहुधा दुसऱ्याने केलेला असतो. लहानसा नकार मात्र आपला स्वतःचा असतो, आणि म्हणूनच नीतीच्या चर्चेत त्याला क्वचितच जागा मिळते. घरात लहान मूल आहे, गृहिणी पुन्हा गर्भवती आहे आणि दिवाळी तोंडावर आली आहे, अशा वेळी घरातील इतर माणसांचे कर्तव्य काय, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला वाटेल. आमच्या मते तो नीतीचाच प्रश्न होय; आणि त्याचे उत्तर आम्हांस आमच्या राळेगावच्या शेजारीच सापडले.

राळेगावजवळ रावेरी येथे सीतेचे मंदिर आहे. लोककथा अशी की, रामाने त्यागिल्यावर गर्भवती सीता या रानात आली व येथेच लवकुशांचा जन्म झाला. त्या तान्ह्या मुलांच्या आईने गावकऱ्यांपाशी पसाभर गहू मागितले. गावाने ते दिले नाहीत, आणि या गावी गहू पिकणार नाही असा शाप तिच्या मुखातून निघाला. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरविणारे शरद जोशी यांनी या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेल.

या कथेत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शाप अयोध्येला नाही, रावेरीला आहे. वास्तविक सीतेला घराबाहेर काढण्यात रावेरीकरांचा काय अपराध? ते दुष्ट होते असेही कथा म्हणत नाही. कदाचित ते कामात असतील. गहू वर्षाच्या हिशेबाने मोजून ठेवलेले असतील. रामाच्या वर्तनाविषयी पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. पण पसाभर गव्हाचा जाब विचारला तो लोकांनीच.

गर्भिणीची इच्छा विचारण्याची चाल आपल्यात नाही, असे नव्हे. डोहाळे पुरविणे हे आपण पुण्य मानतो. डोहाळेजेवणाला पाच पक्वान्ने करतो. परंतु इच्छा विचारणे निराळे आणि ती मनावर घेणे निराळे. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती याने ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात हा भेद किती मर्मभेदक रीतीने दाखविला आहे! सीतेला पुन्हा वनविहाराचे डोहाळे होतात, राम प्रेमाने रथ सज्ज करण्यास सांगतो, आणि शेवटी त्याच रथातून तिची वनात बोळवण होते. तिने हौसेने मागितलेली वस्तूच तिच्या त्यागाचे साधन ठरली.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. थोरला मुलगा तीन वर्षांचा, घरात सातवा महिना, आणि दिवाळीचा आदला दिवस. डोहाळेजेवण थाटात होऊन आठवडाही लोटला नव्हता. आम्ही ओसरीवर दिवाळी अंक चाळीत होतो. आतून शब्द आले, “अहो, घटकाभर याला बाहेर घेऊन बसता का? जरा पाठ टेकते.” आम्ही मान वर न करता “आलोच” म्हणालो, आणि लेख संपेपर्यंत गेलो नाही. आत गेलो तेव्हा मूल तिच्या पदराला धरून रडत होते आणि ती चुलीपुढे करंज्या तळीत होती. तिने पुन्हा मागितले नाही. रावेरीतही सीतेने दुसऱ्यांदा मागितल्याचे कोणी सांगत नाही.

यावर कोणी म्हणतील की, आमच्या आज्यांनी आठ-आठ बाळंतपणे काढली व सणही साजरे केले. खरे आहे, परंतु त्या घरांत आत्या, काकू, नणंदा असे दहा हात असत. हात गेले आणि पक्वान्नांची यादी तेवढी राहिली. दुसरे म्हणतील, आईला मुलांसाठी केलेल्या कष्टांचे ओझे वाटत नाही. वाटत नसेलही, पण ते तिने म्हणावयाचे आहे. त्यागाची थोरवी त्याग करणाऱ्याने गावी, त्याचे फळ खाणाऱ्याने नव्हे. आणि मुलांचा आनंद म्हणाल, तर दोन जिन्नस कमी झाल्याने तो उणा होत नाही. त्रासलेल्या आईच्या कपाळावरील आठीने मात्र निश्चित होतो.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होते. शेतकरी शेतात सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवितात. म्हणजे नाव पुन्हा सीतेचेच. त्याच शेतात कमरेला ओटी बांधून, किलोवर मजुरी घेऊन, दिवस गेलेल्या बाया वेचणी करतात, आणि त्यांची लहानगी धुऱ्यावर खेळत असतात. २०१७ च्या कायद्याने नोकरदार स्त्रीची प्रसूतिरजा १२ वरून २६ आठवडे केली. वेचणीच्या बाईला एका दिवसाचीही भरपगारी रजा नाही. जिची ओटी आपण भरावयाची, तीच आपली ओटी भरून कापूस मालकाच्या दारी आणते.

राम होण्याचा प्रसंग आपणांपैकी फारच थोड्यांवर येतो. रावेरीकर होण्याचा प्रसंग मात्र प्रत्येकावर, आणि तोही सणासुदीलाच, येत असतो. त्या वेळी पुष्कळ काही मागितलेले नसते, पसाभरच असते.